पेट्रोल वाचवणारं ते गॅजेट खरंच चालतं का, घरच्या घरी कसं तपासायचं

दिवाळीत सिन्नरला मामाकडे गेलो तर चहा व्हायच्या आधीच मामाने हाताला धरून गाडीपाशी नेलं. स्टिअरिंगखाली वाकून बघ म्हणाले. काडेपेटीएवढा प्लास्टिकचा डबा अन त्यात हिरवा दिवा लुकलुकतोय. "भाच्या, पस्तीस टक्के पेट्रोल वाचतंय बघ आता." लावून किती दिवस झाले? चार. टाकी परत फुल केली का? नाही अजून. मग कळलं कसं मामा? "अरे गाडी हलकी पळते, जाणवतं ना."

हे "जाणवतं" पुराव्यात धरायचं नाही, तपासायचं कसं ते खाली सांगतो. मामाच्या गाडीवर तीन टाक्या खर्च करून केलंय म्हणून सांगतोय.

काहीही विकत घ्यायच्या आधी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा, हे पेट्रोल वाचणार कुठून? बहुतेक जाहिरातींत उत्तर असतं की पेट्रोल पूर्ण जळत नाही, आमच्या यंत्राने पूर्ण जळेल. पण इंजेक्शनवाल्या, म्हणजे कॉम्प्युटर मोजून पेट्रोल सोडतो अशा आजच्या गाडीत पेट्रोल जवळपास सगळं जळतंच हो, शंभरातलं एखाद-दोन टक्के निसटतं अन ते पुढे सायलेन्सरच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) संपवतो. म्हणजे समजा यंत्राने ते सगळं वाचवलं तरी फायदा एक-दोन टक्के, पस्तीस येणार कुठून. खरी गळती वेगळीच आहे, शंभर रुपयांचं पेट्रोल टाकलं तर साठ-सत्तर रुपये निव्वळ उष्णता होऊन सायलेन्सर आणि रेडिएटरमधून जातात, अन ती सॉकेटमध्ये काहीतरी खोचून परत येत नाही.

आता प्रकार. पेट्रोलच्या नळीला लावायचं चुंबक, हे सगळ्यात जुनं, पेट्रोलवर चुंबकाचा काही परिणामच होत नाही त्यामुळे पुढे बोलायला काही नाही. सिगरेट लायटरमध्ये खोचायचं "व्होल्टेज स्टॅबिलायझर", गाडीत व्होल्टेज सांभाळायला आधीच रेग्युलेटर असतो. हवेच्या पाइपात बसवायचा पत्र्याचा पंखा, त्याने हवा घुसळली जाण्यापेक्षा अडतेच जास्त. पेट्रोलमध्ये टाकायच्या गोळ्या अन बाटल्या, यात इंजेक्टर साफ करणारी काही चांगली औषधं असतात, घाण साचली असेल तर गेलेलं अ‍ॅव्हरेज परत येऊ शकतं, पण धड गाडीचं वाढत नाही. आमचे आजोबा लुनाच्या टाकीत डांबरगोळी टाकायचे, अ‍ॅव्हरेजचं माहीत नाही पण गाडी जाईल तिथे कपाटाचा वास यायचा.

हायड्रोजन किटबद्दल जरा सांगायला पाहिजे कारण ते ऐकायला फार शास्त्रीय वाटतं अन पैसेही जास्त घेतात. बॉनेटखाली पाण्याची बाटली, त्यात वीज सोडून हायड्रोजन-ऑक्सिजन वेगळे करायचे आणि ते इंजिनात ढकलायचे. ठीक, पण वीज कुठून आली? अल्टरनेटरमधून. अल्टरनेटर कोण फिरवतं? इंजिन, पेट्रोल जाळून. म्हणजे पेट्रोलची वीज करायची, विजेचा वायू करायचा, वायू परत जाळायचा अन दर पायरीला थोडं सांडायचं. विहिरीतून पोहऱ्याने पाणी काढून परत विहिरीतच ओतायचं अन म्हणायचं पाणी वाढलं, तसलं आहे हे.

आणि मामाच्या गाडीतला तो डबा. हा लागतो ओबीडी पोर्टमध्ये, मेकॅनिक स्कॅनर लावतो त्याच १६ पिनांच्या खोबणीत. दावा असा की हे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलतं, तुमची चालवायची सवय शिकतं आणि त्याप्रमाणे पेट्रोल कमी सोडायला लावतं. सगळं मोजून झाल्यावर मामाची परवानगी काढून मी तो उघडला, चार स्क्रूही नाहीत, नखाने उघडतो. आत अंगठ्याएवढा सर्किट बोर्ड, तीन दिवे, एक बटण, एक बारकी चिप. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटरशी बोलायच्या तारा ६ आणि १४ नंबरच्या पिनेवर असतात, मामाची गाडीही त्यातलीच. याच्यात त्या दोन्ही पिना नुसत्या शोभेला, मागे तारच जोडलेली नाही. जोडणी फक्त वीज देणाऱ्या पिनांना, दिवा लागावा म्हणून. बरं त्या पोर्टला गाडी बंद असतानाही वीज येत असते, म्हणजे दिवा रात्रभर तुमच्या बॅटरीवर. नगण्य खातो, पण गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर काढून ठेवा.

आता मोजायचं कसं. मीटरवर दिसणाऱ्या अ‍ॅव्हरेजवर जायचं नाही, तो अंदाज असतो. टाकी ते टाकी मोजायचं.

पंप ठरवा, नोझलही तेच ठरवा. पहिल्यांदा ऑटो कट होईपर्यंत भरा आणि तिथेच थांबा, पंपावरचा पोरगा "साहेब राउंड फिगर करू का" विचारतो तेव्हा नाही म्हणायचं, सगळी गडबड तिथेच होते. ट्रिप मीटर शून्य करा. टाकी निम्म्याच्या खाली येईपर्यंत नेहमीसारखी चालवा, तोच रस्ता, तेवढीच माणसं, एसी नेहमी लावत असाल तर लावूनच. परत त्याच पंपावर ऑटो कटपर्यंत. ट्रिपचे किलोमीटर भागिले आता भरलेले लिटर, झालं अ‍ॅव्हरेज. गाडी दोन्ही वेळा सपाट उभी पाहिजे, जरा तिरकी असली तरी ऑटो कट आधी किंवा नंतर होऊ शकतो.

असं एकदा गॅजेट न लावता, एकदा लावून अन *परत एकदा काढून*. ही तिसरी टाकी कोणीच मोजत नाही आणि खरी गंमत तिच्यातच आहे. मामा रोज सिन्नर ते नाशिक ये-जा करतात, मध्ये मोहदरी घाट, रस्ता ठरलेला, त्यामुळे मोजायला बरं पडलं. पहिली टाकी गॅजेटशिवाय, ४१२ किलोमीटर, २४.६ लिटर, म्हणजे १६.७. दुसरी गॅजेट लावून, ३९८ किलोमीटर, २२.९ लिटर, १७.४. मामा खूष, पावणेचार टक्के वाढलं बघ! (पस्तीसचे पावणेचार झाले ते सोडून द्या.) तिसरी गॅजेट काढून, ४०५ किलोमीटर, २३.१ लिटर, १७.५. काढल्यावर किंचित जास्तच.

मग दुसऱ्या टाकीत वाढलं कशाने? एक तर ऑटो कट एक लिटर इकडेतिकडे झाला की २३ लिटरमध्ये चार टक्क्यांचा फरक तिथेच पडतो, म्हणजे तीन-चार टक्क्यांची वाढ एका टाकीवरून सांगताच येत नाही, खात्री पाहिजे तर लावून तीन-चार अन काढून तीन-चार टाक्या मोजाव्या लागतील. दुसरं म्हणजे आपण मोजतोय हे कळलं की पाय आपोआप हलका होतो. यावर उपाय म्हणजे गॅजेट लावलंय की काढलंय हे चालवणाऱ्याला सांगायचंच नाही, बायकोला किंवा पोराला लावायला-काढायला सांगा, दिव्यावर काळी चिकटपट्टी मारा, वहीत त्यांनी लिहायचं अन शेवटी उघडायची. मामा याला तयार झाले नाहीत, म्हणे मी काय खोटं बोलतो का.

विकणारे सांगतात २०० किलोमीटर चालवा, गाडीला शिकायला वेळ लागतो. तोपर्यंत परत करायची मुदत संपत येऊ शकते एवढं लक्षात ठेवा.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, असली शंभराहून जास्त उपकरणं तपासली आहेत. थोडाफार फायदा मोजक्याच उपकरणांत दिसला, त्यातली काही तर प्रदूषण वाढवणारी निघाली. तेव्हा कोणी "विदेशी टेक्नॉलॉजी" म्हणालं तर हे सांगायला हरकत नाही.

गाडी खरंच जास्त पेट्रोल खात असेल तर त्याच पोर्टमध्ये लावायची एक कामाची वस्तू आहे, ब्लूटूथ ओबीडी रीडर, तो काही शे रुपयांत मिळतो अन मोबाइलवर आकडे दाखवतो. कूलंटचं तापमान बघा, अर्धा तास चालवूनही ते ६०-७० च्या वर जात नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) उघडा अडकलेला असू शकतो. मग कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थंडच आहे अन तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. लाँग टर्म फ्युएल ट्रिम नावाचा आकडा, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल सोडतोय तो, १० च्या फार वर गेला असेल तर मेकॅनिककडे जा.

मामाची भानगड मात्र इतकी लांबची नव्हतीच. घाट उतरून ढाब्यावर थांबलो तेव्हा चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला (लावायचा नाही, भाजतं), मागचं डावं चाक बाकीच्यांपेक्षा चांगलंच तापलेलं. हँडब्रेकची केबल अडकून ब्रेक घासत होता. अन हवा, ३३ पाहिजे तिथे २४. हवा गार टायरमध्ये तपासायची, पंपावर जाऊन गरम टायरला मोजली तर जास्तच दाखवते. एअर फिल्टरचं सांगतात तसं नसतं, इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर तुंबला तर पिकअप मरतो, अ‍ॅव्हरेजला फार फरक पडत नाही. तरी बदला.

उतारावर न्यूट्रल करू नका. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंदच होतं, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला थोडं जळत राहतं. आणि घाटात ब्रेक तापून फेल झाले तर मग अ‍ॅव्हरेज मोजायला कोण राहणार.

एक गोष्ट गाडीच्या हातात नाही, ती म्हणजे ई२०, २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल (ई१० म्हणजे १० टक्के). इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या अन ई१० ला जुळवून घेतलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज ६-७ टक्के पडू शकतं. तेव्हा जुन्या गाडीचं एवढं कमी झालं असेल तर लगेच इंजिन उघडायला देऊ नका.

आधीच चुना लागला असेल तर जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, टक्क्यांचा आकडा दिसेल असा, नंतर पान गायब होतं. बिल, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ अन टाक्यांची वही एकत्र ठेवा. आधी विकणाऱ्याकडे लेखी पैसे मागा, नाही दिले तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. २०१९ च्या ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे बोलताना सहज कानावर घाला. मामाचे पैसे अजून आलेले नाहीत, तक्रार नंबर मिळालाय.