चित्र कुठे फसतं? पहिल्या रेघेपासून सहीपर्यंत या चुका टाळा

चित्र फसलं की दोष जातो शेवटच्या रंगावर. आकाश फार निळं झालं, झाडं भडक झाली, पाणी मेलं. सातारा जिल्ह्यातल्या वाई, मेणवली, माहुलीच्या घाटांवर बसून चित्रं काढणाऱ्या मुलामुलींचं काम बघताना मला मात्र वेगळंच दिसतं. चूक दोन तास आधी, कागदावर पहिली रेघ पडली तेव्हाच शिरलेली असते. रंगाने ती फक्त उघडी पडते. म्हणून जिथे चूक दिसते तिथेच ब्रश घासत बसू नका. ती आली कुठून ते आधी शोधा.

समोर दिसेल ते सगळं घेणं

मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर उतरलं की चंद्रकोरी वळणाच्या पायऱ्या, मेणेश्वराचं देऊळ, मोठी घंटा टांगलेलं छोटं दगडी बांधकाम, झाडं, कृष्णेचं पाणी असं सगळं एकदम समोर येतं. नवखा चित्रकार ते सगळं एका कागदावर बसवायला जातो. मग देऊळ बारकं होतं, पायऱ्या चेपतात आणि नजर कुठेच ठरत नाही.

आधी स्वतःला विचारा, मी इथे थांबलो कशासाठी? पायऱ्यांच्या वळणावर पडलेल्या सावलीसाठी थांबला असाल तर चित्र त्या सावलीचं. देऊळ कडेला अर्धवट कापलं गेलं तरी चालेल. स्केचबुकात काड्यापेटीएवढे चार-पाच चौकोन आखा, आडवे आणि उभे दोन्ही, आणि त्यात फक्त मोठे आकार मांडा. एकही पान नको, एकही खिडकी नको. या कामाला पंधरा मिनिटं पुरतात, पण बहुतेकांना तेवढाच धीर नसतो.

रंगवून झाल्यावर गर्दी लक्षात आली तर कागद फेकू नका. पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या चित्रावर सरकवून बघा. मोठ्या फसलेल्या चित्रात एक छोटं, चांगलं चित्र बऱ्याचदा दडलेलं असतं.

टोन न ठरवता रंगाला हात घालणं

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. टोन म्हणजे एखादा भाग किती उजळ किंवा गडद ते. आपल्याकडची देवळं आणि घाट काळ्या दगडाचे. दगड काळा हे डोक्यात पक्कं असतं, म्हणून ट्यूबमधला काळा काढून लावला जातो. पण सकाळच्या उन्हात पायरी नीट बघा. तिचा वरचा सपाट भाग आकाशाचा उजेड घेतो, इतका की तिथे कागद जवळजवळ कोराच ठेवावा लागतो. उभा भाग सावलीत, पण तोही काळा नसतो. त्यात निळसर-जांभळी झाक असते, आणि खालच्या पायरीवर ऊन असेल तर तिथून उसळलेल्या उजेडाने तळाशी थोडी ऊब येते. दगड ओला असेल तरच तो खरा गडद. हे तीन टोन वेगळे पडले नाहीत, तर कितीही सुंदर रंग लावा, पायऱ्या पायऱ्या वाटत नाहीत, नुसते पट्टे वाटतात.

डोळे किलकिले करून बघायची सवय लावा. बारकावे विरघळतात आणि उजळ, मधला, गडद असे तीनच थर उरतात. मऊ पेन्सिलीने ते आधी छोट्या चौकोनात भरा. दगडासाठी अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळा. निळा वाढवला की सावली थंड होते, तपकिरी वाढवला की उबदार. ट्यूबमधला काळा त्या दिवशी घरीच राहू द्या.

सगळं चित्र एकाच टोनचं, सपाट झालं असेल तर फोनवर त्याचा कृष्णधवल फोटो काढा. गडद कुठे कमी पडलंय ते लगेच कळतं. जलरंगात उजेड परत आणणं अवघड. स्वच्छ ओल्या ब्रशने रंग थोडा उचलता येतो, पण थॅलो ब्लूसारखे कागदात मुरणारे रंग फारसे निघत नाहीत. त्यापेक्षा उजेडाच्या शेजारचा भाग एक पायरी गडद करा.

सरकत्या सावलीमागे धावणं

ऊन सरकतं. दहा वाजता डावीकडची सावली काढायची आणि बाराला उजवीकडची, तर एकाच चित्रात दोन सूर्य उगवतात. बसल्या बसल्या पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा आखून टाका आणि मग समोर काहीही बदललं तरी त्या हलवू नका. दोन तासांत झालं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला या.

फोटोवरून करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. वाईच्या ढोल्या गणपतीचं देऊळ खालून फोनने टिपलं की उभ्या रेषा आत झुकतात आणि सावल्या काळ्याठिक्कर येतात. फोटो आकारासाठी वापरा. रंगांसाठी जागेवर केलेली छोटी रंगीत नोंदच कामाला येते.

हवेशी भांडणं

साताऱ्यात पावसाळ्यात जलरंगाचा वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात पसरवलेला पातळ थर, लवकर वाळत नाही. अर्धवट ओल्या वॉशवर पाणीदार ब्रश टेकवला की कोबीच्या फुलासारखे डाग पडतात. एकतर पूर्ण ओल्यात काम करा, नाहीतर पूर्ण वाळू द्या. सांगलीत एप्रिलमध्ये उलटं. आयर्विन पुलाजवळ भर दुपारी आकाशाचा वॉश खाली उतरेपर्यंत वरचा वाळून कड पडते. तेव्हा ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घ्या. अ‍ॅक्रिलिकसाठी पॅलेटवर ओलं फडकं आणि त्यावर बटर पेपर ठेवा, रंग त्या कागदावर काढा. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, अ‍ॅक्रिलिक किंचित गडद होतो, त्यामुळे कडेच्या पट्टीवर चाचणी घेतल्याशिवाय मुख्य जागी रंग लावू नका.

तैलरंगात खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, अळशीचं तेल वरच्या थरांत. उलटं केलं की वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलत राहतो आणि काही काळाने तडे जातात. अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक कधीच नाही.

सगळीकडे सारखंच रंगवणं

शेवटच्या टप्प्यात हात थांबत नाही. प्रत्येक पानाला कड, प्रत्येक दगडाला रेघ. सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. तिथल्या टेकडीवरचं भवानी संग्रहालय औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभं केलं आणि ते स्वतः चित्रकार होते. राजा रविवर्म्याच्या चित्रांसमोर उभं राहून फक्त कडा बघा. चेहरा आणि दागिने बारकाईने रंगवलेले, पार्श्वभूमी मागे सरकलेली. छापील प्रतीत हा फरक दबतो.

आपलं चित्र आरशात उलटं बघा, किंवा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा. परत बघताना जे पहिलं खटकतं तेवढंच दुरुस्त करा आणि सही करा. सही गडद रंगात, मोठी आणि अगदी कोपऱ्यात केली तर नजर तिकडेच ओढली जाते. आजूबाजूच्या रंगाच्या जवळची छटा घ्या.

तैलचित्राला शेवटचं वार्निश साधारण सहा महिन्यांनी, जाड थर असतील तर आणखी उशिरा. कागदावरचं चित्र फ्रेम करताना माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला पुठ्ठा, लावून घ्या, म्हणजे काच कागदाला चिकटत नाही. फ्रेमच्या मागच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळती राहिली तर बुरशी सहसा धरत नाही.