ट्रेलर जोडण्याआधी पेलोडचा हिशेब करा
पिकअप घेताना सगळे ओढण्याची क्षमता विचारतात. अडचण बहुतेकदा पेलोडची, म्हणजे गाडी स्वतःवर किती वजन वाहू शकते त्याची येते. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण 10 ते 15 टक्के भार हिचवर (गाडीच्या मागे ट्रेलर जोडायच्या सांध्यावर), म्हणजे गाडीवरच पडतो. 2,000 किलोचा ट्रेलर असेल तर 200 ते 300 किलो तिथेच गेले. त्यात घरची माणसं, मागची अवजारं, हिचचं स्वतःचं वजनही धरा. पेलोडचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर सापडेल. आणि हिचवरचा भार हलका करायला सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवणं, हे तर मुळीच नको! वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. तसं झालंच, तर गाडीचा ब्रेक करकचून दाबू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा.