नववीपासूनची तयारी: अमेरिकेतली क्रीडा शिष्यवृत्ती आणि इंदूरचं घर

आपल्याकडे हा विषय साधारण बारावीच्या दिवाळीत निघतो. तोवर दोन वर्षं वाया गेलेली असतात, आणि ती मैदानावर नव्हे, कागदांत. म्हणून ही यादी नववी-दहावीतल्या मुलामुलींच्या आईबाबांसाठी. अकरावी-बारावीवाल्यांनीही वाचावी, फक्त कामं जरा पटापट उरकावी लागतील.

सगळ्यात आधी आपला खेळ तिथे आहे का, ते बघा. अभय प्रशाल या क्रीडा संकुलामुळे इंदुरात घरोघरी टेबल टेनिसची बॅट सापडेल, पण अमेरिकी कॉलेज-क्रीडेची मुख्य संघटना एनसीएए हिच्या खेळांत टेबल टेनिस नाही. क्रिकेट, बॅडमिंटन, कबड्डी, खो-खो, मल्लखांब हेही नाहीत. हॉकी आहे, पण फक्त मुलींची. कुस्ती आहे, पण मुलांची कुस्ती त्यांच्या वेगळ्या नियमांची, फोकस्टाइल नावाची. आखाड्यातल्या मुलाला गुणांचा हिशेब नव्याने शिकावा लागेल. टेनिस, पोहणं, अ‍ॅथलेटिक्स, रायफल नेमबाजी, गोल्फ, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, फुटबॉल यांना मात्र वाट आहे. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ मध्ये एनसीएएचं एकेरीचं विजेतेपद मिळवलं. तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ मध्ये उंच उडी जिंकली.

मग कॉलेजांची उतरंड समजून घ्या. एनसीएएच्या डिव्हिजन एक आणि दोनमध्ये खेळावर शिष्यवृत्ती मिळते, तीनमध्ये नाही. हार्वर्ड-येलसारखी आयव्ही लीगची विद्यापीठं डिव्हिजन एकमध्ये असूनही खेळासाठी पैसे देत नाहीत. तिथे घरची मिळकत बघून मदत होते. एनएआयए ही छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना, आणि एनजेसीएए दोन वर्षांच्या कॉलेजांची. या दोन्हींकडे आपले लोक ‘लहान कॉलेज’ म्हणून नाक मुरडतात. माझ्या मते राज्यपातळीवरच्या खेळाडूने सुरुवात तिथूनच करावी. डिव्हिजन एकच्या टेनिस संघात जागा मोजक्या: खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या खटल्यात २०२५ मध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना संघात जास्तीत जास्त १० खेळाडू ठेवता येतात, आणि त्या दहांसाठी सगळ्या जगातून मुलं रांगेत असतात.

आता कागद. इथे घाई नको. एनसीएए नववी ते बारावी अशा चारही वर्षांचा अभ्यास तपासते आणि एकूण १६ मुख्य विषय-वर्षं मोजते (एक विषय वर्षभर शिकला की एक). डिव्हिजन एकसाठी त्यांत इंग्रजी ४ वर्षं आणि गणित ३ वर्षं. दहावीनंतर कॉमर्स घेऊन गणित सोडणाऱ्या मुलांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. अकरावीचा फॉर्म भरण्याआधीच विचार व्हायला हवा, नंतर शाळा विषय बदलू देत नाही. आपल्याकडे नववी आणि अकरावीच्या गुणपत्रिका निकालाच्या दिवशी बघून कुठेतरी ठेवल्या जातात, कारण बोर्डाची परीक्षा दहावी-बारावीची. इथे त्या दोन्हीही लागतात. शाळेच्या शिक्क्यासकट घेऊन फाइलला लावा. गुणपत्रिका हिंदीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. सॅट या अमेरिकी प्रवेश परीक्षेची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढली, पण काही विद्यापीठं प्रवेशासाठी किंवा गुणांवरच्या वेगळ्या शिष्यवृत्तीसाठी अजून मागतात. टोफेल किंवा आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा अकरावीच्या उन्हाळ्यात उरकून टाकावी.

नावाचं प्रकरण तर खास आपलं. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये नाही, पासपोर्टवर आहे, खेळाच्या संघटनेच्या कार्डावर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. देशपांडे, गोखले, शिंदे यांची स्पेलिंगं हिंदी मुलखातले बाबू आपापल्या कानाने करतात. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरताना एक स्पेलिंग पक्कं करा आणि पासपोर्ट त्याबरहुकूम काढा.

डिव्हिजन एकच्या बहुतेक खेळांत प्रशिक्षक दहावीनंतरच्या १५ जूनपासून मुलांना थेट उत्तर देऊ शकतात. मुलाने मात्र त्याआधीही ईमेल पाठवायला हरकत नाही. ईमेल मुलानेच लिहावा. बाबांनी लिहिलेला ओळखू येतो. विषयाच्या ओळीत खेळ, बारावी संपण्याचं वर्ष आणि एक ठोस आकडा: टेनिसमध्ये यूटीआर (खेळाडूची पातळी दाखवणारं जागतिक रेटिंग), अ‍ॅथलेटिक्समध्ये अधिकृत वेळ किंवा अंतर. पोहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की अमेरिकी कॉलेजांचा हंगाम २५ यार्डांच्या तलावात होतो, तेव्हा मीटरमधली वेळ द्या आणि सोबत यार्डात बदललेली वेळही. व्हिडिओला पार्श्वसंगीत नको. टेनिसचा असेल तर बेसलाइनच्या मागून घेतलेले, न कापलेले काही गेम. गमावलेले पॉइंटही राहू द्या. प्रशिक्षकाला तेच बघायचं असतं.

एजंटांविषयी एवढंच: माहिती आणि मदतीची ठरावीक फी घेणारा चालेल, पण शिष्यवृत्ती मिळवून दिल्याबद्दल तिच्यातली टक्केवारी मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तसा व्यवहार एनसीएएच्या नियमांत बसत नाही आणि त्यात मुलाची पात्रता अडचणीत येऊ शकते. स्पर्धांत मिळालेल्या रोख बक्षिसांची आणि त्या स्पर्धांसाठी झालेल्या खर्चाची नोंदही वहीत ठेवा, कारण हौशीपणाची, म्हणजे मूल व्यावसायिक खेळाडू नाही ना याची, तपासणी होते. आणि बारावीनंतर ‘एक वर्ष नुसता खेळ’ हा आपला लाडका बेत अंगाशी येऊ शकतो. डिव्हिजन एकमध्ये बहुतेक खेळांत एक वर्षाची सवलत आहे, टेनिसमध्ये सहाच महिन्यांची. त्यानंतरही स्पर्धा खेळत राहिल्यास कॉलेजकडून खेळता येणाऱ्या हंगामांतून वजावट होते.

पैशांची बोलणी करताना ‘शिष्यवृत्ती मिळाली’ एवढ्यावर पेढे वाटू नका. बऱ्याचदा ती अर्धी किंवा पाव असते. कॉलेजची फी, राहणं, जेवण, पुस्तकं, आरोग्य विमा यांतलं काय-काय त्यात येतं, ती एका वर्षाची की चारही वर्षांची, दुखापत झाली तर काय, हे लेखी मागा. खेळाडूला एका विद्यापीठाशी बांधून घेणारं पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट २०२४ मध्ये बंद झालं. आता सही होते ती विद्यापीठाच्या आर्थिक मदतीच्या करारावर. राहण्या-जेवणाच्या भागावर परदेशी विद्यार्थ्याला तिथे करही लागू शकतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय बाहेर नोकरी करता येत नाही. कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास. जाहिरातींतून पैसे कमावणाऱ्या अमेरिकी खेळाडूंचे व्हिडिओ बघून मुलं हुरळतात. त्याच व्हिसामुळे ती वाट त्यांना जवळपास बंद आहे, हे आधीच सांगून ठेवा.

तब्येतीच्या कागदांत लसीकरणाच्या नोंदी आणि सिकल सेलची तपासणी असते. मध्य प्रदेशात ही तपासणी सहज होते. ताकदीची चूर्णं आणि प्रोटीनचे डबे दहावीपासूनच बंद करा. बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीपुढे ‘आयुर्वेदिक आहे’ ही सबब चालत नाही.

बाकी राहिला व्हिसा. विद्यापीठाकडून आय-२० (व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र) आला की सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणी-यंत्रणेची फी ३५० डॉलर, मग व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म, मग मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत. बोटांचे ठसे वेगळ्या केंद्रावर आणि शक्यतो आदल्या दिवशी होतात, म्हणून अवंतिका एक्सप्रेसची तिकिटं दोन मुक्कामांच्या हिशेबाने काढा. आय-२० वर शिष्यवृत्ती वजा जाता उरलेली रक्कम छापलेली असते. बँकेची कागदपत्रं त्या आकड्याला पुरतील अशी हवीत. मुलाखतीत विचारलं तर प्रशिक्षकाचं नाव, शाखा आणि उरलेला खर्च कोण भरणार, हे मुलाला न अडखळता सांगता यायला हवं. बारावीचा निकाल लागला की गुणपत्रिका त्याच आठवड्यात एनसीएएकडे आणि विद्यापीठाकडे, दोन्हीकडे पाठवा.