जुन्या डर्ट बाईकचं फिकट प्लास्टिक परत रंगात कसं आणायचं

आधी एक सांगतो, डर्ट बाईकचे फेंडर (मडगार्ड) बहुतेक पॉलीप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचे असतात, त्यावर साधा पेंट धरत नाही, पापुद्रे निघतात, त्यामुळे स्प्रे कॅनचा विचार सोडाच. रंग प्लास्टिकच्या आतच असतो, उन्हाने फक्त वरचा थर जळून पांढुरका होतो, तो काढायचा एवढंच काम.

पार्ट खोलून साबणाने नीट धुवा. मग ब्लेड उभं धरून हलक्या हाताने खरवडायचं, खोल ओरखडे असतील तिथेच जास्त. त्यानंतर पाणी लावून सँडपेपर (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक), 220 पासून 400, 600, 1000 करत 2000 पर्यंत, आणि घाई करून मधला नंबर गाळलात ना की त्या रेघा शेवटी पॉलिश केल्यावर हमखास दिसतात, मग परत मागे या. कंटाळवाणं आहे, पण खरी मजा इथेच आहे. शेवटी प्लास्टिक पॉलिश.

वाकून पांढरे पडलेले डाग हीट गनने (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) जातात, फक्त गन सतत हलती ठेवा नाहीतर प्लास्टिक वितळेल. पेट्रोलच्या टाकीजवळ हीट गन अजिबात नको. मूळ स्टिकर मात्र आधी वाचवा, ते सहसा परत मिळत नाहीत.