टाचांच्या भेगा: वजरी हातात घेण्यापूर्वी

टाचांना भेगा पडल्या की बहुतेक घरांत सर्वप्रथम वजरी शोधली जाते आणि टाच लालबुंद होईपर्यंत घासली जाते. चार दिवस टाच मऊ वाटते, पण सततच्या घर्षणाला त्वचा अधिक जाड होऊनच उत्तर देत असल्यामुळे काही दिवसांत भेगा परततात. म्हणून घासण्याआधी तिथली त्वचा कशी बनलेली आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

त्वचेच्या बाह्यत्वचेत तळाशी नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात, त्यांच्यात केराटिन हे कठीण प्रथिन साठत जाते आणि पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत त्या मृत, चपट्या झालेल्या असतात. केस आणि नखेही मुख्यतः केराटिनचीच बनलेली असतात. नख कापताना ज्या कारणाने दुखत नाही, त्याच कारणाने टाचेचा वरचा थर घासतानाही दुखत नाही. पापणीवर ही बाह्यत्वचा अगदी पातळ असते, तर तळपायावर ती सुमारे १.५ मिलिमीटर जाड असते आणि हा जाडपणा शरीराचा भार पेलण्यासाठी हवाच असतो. अडचण दुसरीकडे आहे. त्वचेला मऊ ठेवणाऱ्या तेलग्रंथी बहुतांशी केसांच्या मुळांशी जोडलेल्या असतात; तळपायाला केस नाहीत, म्हणून तेलग्रंथीही नाहीत. तिथे केवळ घामग्रंथी आहेत, त्यामुळे हवा कोरडी झाली की हा जाड थर लवकर कडक होतो. उभे राहिल्यावर टाचेखालची चरबीची गादी बाजूंना पसरते, कडक थर तिच्याबरोबर ताणला जात नाही आणि कडेला उभी चीर पडते. मागून उघड्या चपला घालणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो, कारण पसरणाऱ्या टाचेला मागून आधार देणारे काहीच नसते.

बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे भेगेतून रक्त आले, तर ती खालच्या अंतस्त्वचेपर्यंत पोहोचली आहे असे समजावे आणि तिथे वजरी मुळीच लावू नये.

रक्त येत नसेल, तर रात्री झोपण्यापूर्वी कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटे पाय बुडवावेत. पाणी कडकडीत नसावे, कारण गरम पाणी आणि साबण त्वचेतील उरलासुरला स्निग्धांशही काढून टाकतात. त्यानंतर वजरी हलक्या हाताने फिरवावी; आठवड्यातून दोनदा एवढे पुरे होते, आणि थर संपूर्ण काढण्याचा हट्ट धरू नये. पाय टिपून घ्यावेत, बोटांच्या बेचक्या मात्र नीट कोरड्या कराव्यात, आणि टाच किंचित ओलसर असतानाच त्यावर स्निग्ध थर द्यावा, म्हणजे मुरलेले पाणी आतच राहते. वरून सुती मोजे घालावेत. बेचक्यांत मलम लावू नये, कारण तिथल्या ओलाव्यात बुरशी वाढते.

स्निग्ध पदार्थ म्हणून पेट्रोलियम जेली चांगली आहे. थर फार कडक असेल, तर युरियायुक्त मलम अधिक उपयोगी पडते, मात्र उघड्या भेगेत ते झोंबते. कोकणात यासाठी मुठेल आहे, ज्याला कोकमतेलही म्हणतात. माझी आजी रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, वाळवलेल्या बिया कुटून पाण्यात उकळत असे. वर तरंगणारे तेल निवून घट्ट झाले की ते काढून मुठीत दाबून त्याचे गोळे करत असे, आणि त्या गोळ्यांवर तिच्या बोटांचे ठसे उमटलेले असत. मुठेल साध्या तापमानाला घट्ट असते, म्हणून ते पळीत किंचित गरम करून, बोटाला सोसेल इतके निवल्यावरच टाचेला लावावे. पायावर ते पुन्हा घट्ट होऊन थर धरते, हाच त्याचा मोठा गुण आहे.

स्निग्ध थर रोज रात्री द्यावा आणि किमान चार आठवडे तरी थांबावे, कारण तळाची पेशी वर येऊन गळून पडायला साधारण तेवढाच काळ लागतो. दोन-तीन रात्रींत उपाय बदलणाऱ्यांना कोणताच उपाय लागू पडत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

सोबत नखेही पाहावीत. नखे पिवळसर, जाड आणि ठिसूळ झालेली असतील, बेचक्यांत खाज असेल किंवा एकाच तळपायाचे कोंडे निघत असतील, तर तो केवळ कोरडेपणा नसून बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि त्याला वेगळे औषध लागते. पायाच्या बोटांची नखे महिन्याला सुमारे दीड मिलिमीटरच वाढत असल्यामुळे तो उपचार कित्येक महिने चालतो.

मधुमेह असलेल्यांनी घरी वजरी किंवा ब्लेड वापरू नये. त्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे कातडी सोलली गेली किंवा पाण्याने भाजले, तरी ते लक्षात येत नाही. त्यांनी पाय बुडवून ठेवू नयेत, रोज उजेडात तळपाय पाहावेत, स्वतःला दिसत नसतील तर घरातल्या कोणाला पाहायला सांगावेत, आणि भेगेभोवती सूज, पू किंवा लाली दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.