जोडीदाराच्या आजारपणात बिनपगारी रजा घेताय? पैशाच्या बाबतीत या चुका टाळा

बिनपगारी रजेचा पहिला महिना फसवा असतो. रजा 8 तारखेला सुरू होते, तेव्हा आधीच्या महिन्याचा पगार नुकताच खात्यात जमा झालेला असतो. भेटायला येणारे नातेवाईक हातात काही ना काही ठेवून जातात. घरातल्या सगळ्यांचं लक्ष रिपोर्टकडे आणि डॉक्टरांच्या राउंडकडे असतं. पैशाची खरी ओढ सुरू होते ती पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आणि तोवर ज्या गोष्टी वेळेत करायला हव्या होत्या त्यांची वेळ टळून गेलेली असते. बायकोची केमोथेरपी असो, नवऱ्याचा अर्धांगवायू असो की अपघातानंतरचं लांबलेलं अंथरूण, पगारपत्रकाचं काम करताना मला दिसलेल्या चुका बहुतेक त्याच त्या असतात.

भरपगारी रजा दवाखान्यातच संपवणं

पेशंट आयसीयूमध्ये असतो तेव्हा नवरा किंवा बायको दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून असते. आत सोडतात ते दोन वेळा, थोड्या मिनिटांसाठी. साठवलेली सगळी रजा या दिवसांत खर्ची पडते. डिस्चार्ज मिळतो, आणि जेव्हा अंघोळ घालणं, कूस बदलणं, औषधांच्या वेळा, फिजिओथेरपी हे सगळं एकट्याच्या अंगावर येतं, तेव्हा शिल्लक काहीच नसते.

दवाखान्यात बसायला भाऊ, मेहुणी, शेजारी येऊ शकतात. घरातली शुश्रूषा त्यांच्यावर टाकता येत नाही. म्हणून शक्य तेवढी भरपगारी रजा घरच्या दिवसांसाठी राखा. केमोचं चक्र बऱ्याचदा 21 दिवसांचं असतं आणि त्यातले पहिले काही दिवसच पेशंटला फार जड जातात. अशा वेळी सलग दोन महिने बिनपगारी बसण्यापेक्षा प्रत्येक चक्रात तेवढेच दिवस मागून बघा. साहेबांनाही हे मान्य करणं सोपं जातं.

किती रजा हक्काची आहे हे अनेकांना ठाऊकच नसतं. महाराष्ट्रात वीस किंवा जास्त (2025 च्या दुरुस्तीआधी दहा) माणसं कामाला असलेल्या दुकाना-कार्यालयांना 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे. त्यात वर्षाला 8 दिवस किरकोळ रजा आहे. वर्षात 240 दिवस काम केलेल्याला दर 20 दिवसांमागे एक अर्जित रजा मिळते आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. कारखान्यांचे आणि सरकारी नोकरीचे नियम वेगळे आहेत. सरकारी नोकरीत असाल तर असाधारण (म्हणजे बिनपगारी) रजेआधी अर्धपगारी रजा किती शिल्लक आहे ते आस्थापना शाखेत विचारा.

अजून एक. शुक्रवार आणि सोमवार बिनपगारी घेतलात तर काही कंपन्या मधले शनिवार-रविवारही कापतात. अर्ज देण्याआधी हा सँडविचचा नियम आपल्याकडे आहे का ते विचारून घ्या.

हातात किती येणार हे न मांडणं

"अर्धा महिना रजा, म्हणजे अर्धा पगार" असा हिशोब लोक करतात. तसं होत नाही, कारण पगार कमी झाला तरी कपाती त्या प्रमाणात कमी होत नाहीत. समजा एकाचा पगार 45,000 रुपये आहे आणि 30 दिवसांच्या महिन्यात 20 दिवस बिनपगारी गेले. हिशोबात 15,000 येतात. त्यातून पीएफचे साधारण 900, व्यवसाय कराचे 200 आणि पतसंस्थेच्या कर्जाचा 6,500 चा पूर्ण हप्ता गेला, की खात्यात पडतात 7,400. त्याच खात्यातून 5 तारखेला गृहकर्जाचे 13,000 जाणार असतात. ते जात नाहीत. बँक हप्ता परतल्याचा दंड लावते, कर्ज देणारा आपला वेगळा आकार लावतो, आणि थकबाकी क्रेडिट रिपोर्टमध्ये चढते.

पूर्ण महिना बिनपगारी असेल तर पतसंस्थेचा हप्ता कापायला पगारच नसतो. इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पगारदार पतसंस्थेच्या कर्जाला तुमचेच सहकारी जामीन असतात. हप्ते थकत गेले तर वसुली त्यांच्या पगारावर येऊ शकते. जो माणूस तुमची शिफ्ट सांभाळतोय, त्याच्याच पगाराला कात्री लागू नये. रजेवर जाण्याआधी संस्थेच्या सचिवांना भेटा, हप्ता कमी करून मिळतो का किंवा काही महिने फक्त व्याज भरून चालेल का ते विचारा, आणि जामीनदारांनाही सांगून ठेवा.

बँकेच्या बाबतीतही हेच. मुदत वाढवून हप्ता कमी करायचा की नाही हे बँकेच्या हातात असतं, तुम्ही हक्काने मागू शकत नाही. पण हप्ता चुकण्याआधी डॉक्टरांचं पत्र आणि रजेचा मंजुरी कागद घेऊन गेलेल्या माणसाचं जितकं ऐकलं जातं तितकं दोन हप्ते थकवून गेलेल्याचं ऐकलं जात नाही. 90 दिवस थकलं की कर्ज अनुत्पादित (बुडीतकडे झुकलेलं, एनपीए) ठरतं, मग शाखेच्या हातातही फारसं उरत नाही.

भिशीचा नंबर आधीच उचलला असेल तर तोही हप्ताच समजा. म्युच्युअल फंडातली मासिक गुंतवणूक (एसआयपी) चालू असेल तर ती खात्यात पैसे नसताना परत जाऊ देण्यापेक्षा आधीच थांबवा.

भावनेच्या भरात राजीनामा

"आता नोकरीत मन लागणार नाही" म्हणून राजीनामा देणाऱ्यांना मी नेहमी थांबवायचा प्रयत्न करतो. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये जोडीदार असेल, तर राजीनाम्याबरोबर ते संरक्षण जातं, आणि तेही आजार चालू असताना. नवी वैयक्तिक पॉलिसी घेतली तर आधीपासून असलेल्या आजाराला तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ लागू शकतो. सोडणं अटळच असेल तर ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज संरक्षण संपण्याआधी करा.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम, हीही बघा. कायम नोकरीत त्यासाठी पाच वर्षं सलग सेवा लागते. मंजूर रजेमुळे ही सलगता तुटत नाही, राजीनाम्याने तुटते. म्हणूनच रजा तोंडी मंजुरीवर घेऊ नका. "जा तू, बघू नंतर" म्हणणाऱ्या साहेबांची बदली होते, आणि हजेरीपटावर तुम्ही विनापरवाना गैरहजर दिसता. ईमेलवर का होईना, तारखांसह मंजुरी घ्या, आणि बिनपगारी काळात मेडिक्लेम चालू राहील का, प्रीमियमचा आपला वाटा कसा भरायचा, हेही त्यातच विचारा.

ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असणाऱ्यांना फटका आणखी उशिरा कळतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे लाभ ठरतात. आज पगार नाही, म्हणजे वर्गणी नाही, आणि त्याचा परिणाम काही महिन्यांनी समोर येतो. रजा लांबणार असेल तर शाखा कार्यालयात आधीच विचारा.

आधी डिपॉझिट, मग चौकशी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डधारकांनाही लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण देते. पगारदार माणूस "ते आपल्यासाठी नाही" असं धरून चालतो आणि मित्राकडून उसने घेऊन डिपॉझिट भरतो. योजना कॅशलेस आहे. बिलं जोडून नंतर पैसे मागायची सोय तिच्यात नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाचा, टेबल असतो. काउंटरवर कार्ड घासण्याआधी तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, किंवा 155388 वर फोन करा. सगळे उपचार आणि सगळी रुग्णालयं त्यात नाहीत, तरीही विचारल्याशिवाय राहू नका.

धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो काढायला दिवस जातात. पेशंट दाखल झाल्या दिवशीच घरातल्या कुणाला तरी त्या कामाला लावा.

पैसे असून हात न पोहोचणं

पेशंटच्या नावावर ठेव आहे, पण खातं एकट्याचं. फोनला लॉक, ओटीपी त्याच फोनवर, आणि तो बेशुद्ध. ऑपरेशन ठरवून असेल तर आधीच एक खातं दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणालाही व्यवहार करता येईल असं करून घ्या. पीएफमधून जोडीदाराच्या आजारासाठीही रक्कम काढता येते. अडतं ते आधारवरचं आणि पीएफवरचं नाव जुळत नाही तिथे, म्हणून केवायसी आजच तपासा. काढण्याचे नियम सुटसुटीत करायचा निर्णय ऑक्टोबर 2025 मध्ये झाला आहे, तेव्हा पोर्टलवर सध्या काय चालतं ते बघून मगच अर्ज करा. क्रेडिट कार्डाची फक्त किमान रक्कम भरत राहणं हा यातला सगळ्यात महाग रस्ता आहे. त्यापेक्षा सोनेतारण कितीतरी स्वस्त पडतं, फक्त परतफेडीची तारीख लिहून ठेवा.

वर्षाचा पगार घटणार हे पगार विभागाला कळवायचंही राहून जातं. टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापला जाणारा आयकर, वर्षभराच्या अंदाजावर कापला जातो. नव्या करप्रणालीत 2025-26 साठी पगारदाराचं 12.75 लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त आहे. रजेमुळे तुम्ही त्या रेषेखाली येत असाल तर कपात लगेच थांबू शकते, रिटर्न भरून परताव्याची वाट बघावी लागत नाही.

रजा वाढवायची असेल तर मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी कळवा. आणि कामावर रुजू झाल्यावर पहिला पूर्ण पगार यायला आणखी एक महिना जातो, तेव्हा घरखर्चाची तरतूद रजेपेक्षा एक महिना जास्त धरा.