रेंडर अडतो तेव्हा भरलेली मेमरी नेमकी कोणती?

रात्री रेंडरला (अंतिम व्हिडिओ फाइल काढायला) लावलेला लग्नाचा व्हिडिओ सकाळी ६० टक्क्यांवर थांबलेला दिसतो आणि स्क्रीनवर 'मेमरी' हा शब्द असलेला संदेश असतो. एडिटिंगमध्ये नव्याने आलेली बरीच मुलं लगेच रॅमचा भाव काढायला दुकान गाठतात. घाई करू नका. भरलेली मेमरी रॅम असेल, ग्राफिक्स कार्डावरची मेमरी असेल, नाहीतर सी ड्राइव्हवरची पेज फाइल असेल, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज मेमरीसारखी वापरतं ती डिस्कवरची जागा. ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरत असेल, तर मशीनची रॅम १६ ची ६४ जीबी केली तरी तोच संदेश त्याच जागी येतो. पैसे जातात, काम तिथेच राहतं.

संदेश बंद करण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा. शब्द महत्त्वाचे असतात. एडिटिंगचं सॉफ्टवेअर रिझॉल्व्ह 'जीपीयू मेमरी इज फुल' म्हणालं तर प्रश्न जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा आहे. मोशन ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर आफ्टर इफेक्ट्स 'अनएबल टू अलोकेट' म्हणत पुढे इमेज बफरची (चित्रासाठी मागितलेल्या मेमरीची) लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये देतं, तेव्हा प्रश्न रॅमचा असतो आणि तो पिक्सेलचा आकडाच गुन्हेगार लेयरकडे बोट दाखवतो. कॉम्पोझिशन १९२० बाय १०८० चं आणि बफर २०,००० पिक्सेल रुंदीचा मागितला जात असेल, तर कुठलीतरी लेयर अवाढव्य स्केल झालेली आहे किंवा कॅमेरा एखाद्या थ्रीडी लेयरला जवळजवळ चिकटला आहे. एडिटिंगचंच दुसरं सॉफ्टवेअर प्रीमियर 'रनिंग व्हेरी लो ऑन सिस्टिम मेमरी' असं बजावतं तेव्हा रॅम आणि पेज फाइल मिळून कमी पडते आहे. त्याचाच 'जीपीयू रेंडर एरर' मात्र कार्डाकडून येतो आणि सोबत बहुतेक वेळा टाइमकोडही (टाइमलाइनवरची नेमकी वेळ) देतो. तो टाइमकोड लिहून ठेवा, पुढे लागेल.

आता खात्री करा. विंडोजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा आणि रेंडर चालू असताना दोन आकडे बघा. जीपीयूच्या पानावर 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' काठोकाठ भरते का? मेमरीच्या पानावर 'कमिटेड' खाली ३१/३२ असं काही दिसतं का? हा कमिटेडचा दुसरा आकडा म्हणजे रॅम आणि पेज फाइल यांची बेरीज. नवखे फक्त 'इन यूझ' बघतात आणि रॅम शिल्लक आहे म्हणून गोंधळतात. रात्री लक्ष ठेवायला कुणी नसेल तर सकाळी इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये 'रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर' या नावाखाली २००४ क्रमांकाची नोंद शोधा. कुठल्या प्रोग्रामने किती मेमरी धरून ठेवली होती, हे तिथे लिहिलेलं असतं.

मेमरी एवढी लागते कशाला, हे एकदा कागदावर मांडून बघा. ४के फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा आणि अल्फा असे ४ आकडे. ८ बिटमध्ये आकड्याला १ बाइट, म्हणून फ्रेम ३३ एमबीची. ३२ बिट फ्लोटमध्ये काम चालतं तेव्हा आकड्याला ४ बाइट लागतात आणि तीच फ्रेम १३३ एमबीची होते. कॅमेऱ्याची फाइल किती छोटी आहे याचा इथे संबंध नाही. एच.२६४ फाइल दाबून बसवलेली असते, रेंडरच्या वेळी ती उलगडावीच लागते. रिझॉल्व्हमध्ये टेम्पोरल नॉइज रिडक्शनला (आजूबाजूच्या फ्रेम बघून चित्रातले दाणे कमी करणारा इफेक्ट) ५ फ्रेम दिल्या की मागच्या ५, पुढच्या ५ आणि चालू १ अशा ११ फ्रेम एकाच वेळी हाताशी लागतात. झाले जवळपास दीड जीबी, आणि हे फक्त एका नोडचं, म्हणजे रंगकामातल्या एका टप्प्याचं ओझं. ४ जीबीच्या कार्डावर अशी क्लिप दुसऱ्या तशाच क्लिपवर क्रॉस डिझॉल्व्ह होत (एक विरत दुसरी उमटत) असेल, तर रेंडर नेमका त्या डिझॉल्व्हवर पडतो. म्हणून अडलेली जागा शोधताना एकटी क्लिप तपासून थांबू नका, जोडही तपासा.

लग्नाच्या कामात खरा घात फोटोंनी होतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० बाय ४०००. ३२ बिट फ्लोटमध्ये असा एक फोटो ३८४ एमबी घेतो, १०८०पीच्या एका फ्रेमच्या साडेअकरा पट. साखरपुडा-हळदीच्या स्लाइड शोमध्ये असे २०० फोटो थेट ओढून टाकले की मशीनची दमछाक ठरलेली. १०८०पीच्या टाइमलाइनला फोटोची लांब बाजू ३००० पिक्सेल पुरते, त्यात दीडपट झूमही निभतो. फोटोशॉपमध्ये फाइल, स्क्रिप्ट्स, इमेज प्रोसेसर या वाटेने सगळे फोटो एकदम छोटे करता येतात. इरफानव्ह्यूच्या बॅच कन्व्हर्जननेही हेच होतं. अल्बम डिझाइन करणाऱ्याकडून आलेल्या फाइल आधी वेगळ्या काढा. त्या छपाईसाठी सीएमवायकेमध्ये (छपाईच्या ४ शाईंच्या रंगपद्धतीत) असू शकतात आणि प्रीमियरला सीएमवायके चालत नाही. त्या आरजीबी (स्क्रीनची लाल-हिरवा-निळा रंगपद्धत) करूनच घ्या.

यानंतरचा प्रश्न सगळ्यात उपयोगी आहे: रेंडर दर वेळी एकाच जागी पडतो की वेगवेगळ्या? एकाच जागी पडत असेल तर दोष त्या फ्रेममध्ये आहे. टाइमकोड मिळाला नसेल तर इन-आउट लावून टाइमलाइन अर्धी अर्धी करत जा. ४० मिनिटांचा प्रोजेक्ट २०, १०, ५, अडीच असा पाच वेळा विभागला की सव्वा मिनिटाचा तुकडा हातात येतो. तिथली क्लिप, तिच्यावरची अ‍ॅडजस्टमेंट लेयर आणि दोन्ही टोकांची ट्रान्झिशन एकेक करून बंद करून बघा. जड इफेक्ट सापडला की तो काढून टाकायची गरज नाही. प्रीमियरमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून 'रेंडर अँड रिप्लेस', रिझॉल्व्हमध्ये 'रेंडर इन प्लेस'. इफेक्ट फाइलमध्ये भाजला जातो आणि शेवटच्या रेंडरला साधी क्लिप उरते. आफ्टर इफेक्ट्सचं कॉम्प (कॉम्पोझिशन) डायनॅमिक लिंकने, म्हणजे फाइल न काढता थेट जोडून, प्रीमियरमध्ये आणलं असेल तर तेही आधी प्रोरेस ४४४४ या कमी दाबलेल्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये काढून घ्या, कारण लिंक असेपर्यंत आफ्टर इफेक्ट्स मागे चालू राहून स्वतःची रॅम मागत राहतं.

सेटिंगमध्ये थोडंच बदलायचं आहे. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मेमरीच्या पानावर 'ऑप्टिमाइझ रेंडरिंग फॉर' समोर परफॉर्मन्सऐवजी मेमरी निवडा. रेंडर हळू होतो, पण पडण्याची शक्यता कमी होते. त्याच पानावर इतर प्रोग्रामसाठी राखलेली रॅम कमीत कमी करण्याचा मोह आवरा. ३२ जीबीच्या मशीनवर ६ ते ८ जीबी विंडोजला राहू द्या, नाहीतर उपाशी विंडोज प्रीमियरलाच खाली ओढतं. कार्ड भरत असेल तर प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये रेंडरर 'सॉफ्टवेअर ओन्ली' (कार्डाऐवजी प्रोसेसरवर काम) करून फक्त अडलेला तुकडा काढा. प्रीमियरसोबतच्या मीडिया एन्कोडर या एक्स्पोर्टच्या प्रोग्राममध्ये हीच निवड क्यूच्या (रेंडरच्या रांगेच्या) तळाशी आहे. रिझॉल्व्हमध्ये 'मेमरी अँड जीपीयू'च्या पानावर ऑटो काढून योग्य कार्डावर खूण आहे ना, हे बघा. लॅपटॉपवर प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्सच वापरलं जात असण्याची शक्यता असते. 'नीट व्हिडिओ' या दाणे कमी करणाऱ्या प्लगिनसारखं प्लगिन कार्डाची मेमरी स्वतंत्रपणे घेतं, तिचा वाटा त्याच्याच परफॉर्मन्स सेटिंगमधून कमी करावा लागतो.

दोन गैरसमज वेळ खातात. पहिला, प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) केल्या की रेंडरही सुटेल. प्रॉक्सीने प्लेबॅक हलका होतो. एक्स्पोर्ट मुळात मूळ फाइलवरूनच होतो, तुम्ही मुद्दाम प्रॉक्सी वापरायला सांगितल्याशिवाय. दुसरा, रिझॉल्व्हची टाइमलाइन १०८० केली म्हणजे झालं. डिलिव्हर (एक्स्पोर्टच्या) पानावर ४के तसंच राहिलं असेल तर काम पुन्हा ४केलाच होतं.

पेज फाइलबद्दल सरळ सांगायचं तर ती कधीही बंद करू नका. 'मशीन फास्ट करा' छापाच्या सल्ल्यांमुळे ती बंद केलेली मशीन रॅम मोकळी दिसत असतानाही रेंडरमध्ये कोसळतात. विंडोजच्या सर्चमधून 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' उघडा, परफॉर्मन्सच्या सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल मेमरीपर्यंत जा आणि 'सिस्टिम मॅनेज्ड साइज' ठेवा. ती फुगायला जागा हवी म्हणून सी ड्राइव्हवर निदान ५० जीबी मोकळे ठेवा आणि मीडिया कॅश (एडिटिंग सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइल) दुसऱ्या एसएसडीवर हलवा. रेंडर थेट पेन ड्राइव्हवर काढू नका. तो फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीला फाइल थांबते आणि नवखा माणूस मेमरी शोधत बसतो.

लांब प्रोजेक्ट एका दमात एच.२६४ ला न लावता २०-२० मिनिटांचे तुकडे प्रोरेस ४२२ किंवा तशाच डीएनएक्सएचआर फॉरमॅटमध्ये काढून मग जोडणं जास्त सुरक्षित. एक तुकडा पडला तर तेवढाच पुन्हा. जागेचा हिशोब मात्र आधी करा. २५ फ्रेमच्या १०८०पी प्रोरेस ४२२ ला सेकंदाला १२२ मेगाबिट, म्हणजे तासाला ५५ जीबी लागतात. ४केला तासाला २२० च्या वर.

आणि रेंडर दर वेळी वेगळ्या जागी पडत असेल तर टाइमलाइन सोडा, मशीन बघा. ग्राफिक्स कार्डाचा स्टुडिओ ड्रायव्हर नव्याने टाका, आतली धूळ काढा, तापमान बघा. बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारा पर्याय, चालू असेल तर तो बंद करून रॅम मूळ वेगावर चालवा आणि तोच रेंडर पुन्हा लावा. सुटला तर कारण मिळालं. नाहीच सुटला तर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून सुरू करून ४ फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एक जरी चूक निघाली तरी एकेक रॅमची पट्टी वेगळी लावून पुन्हा तपासा. चूक दाखवणारी पट्टी वॉरंटीत असेल तर बदलून मिळते, पण ती बदलेपर्यंत त्या मशीनवर ग्राहकाचं काम रेंडरला लावू नका. क्रॅश न होता पूर्ण झालेल्या फाइलमध्येही बिघडलेली फ्रेम राहू शकते.